पालिका शाळेतली संध्याकाळची अभ्यासिका: जूनपासूनचा अनुभव

नायगावच्या बीडीडी चाळीत आमची खोली १६० चौरस फुटांची. माणसं पाच, टीव्ही एक. तिथे बसून एमपीएससीचा अभ्यास होत नाही, हे चाळीत वाढलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. म्हणून जूनपासून जवळच्या पालिका शाळेतल्या अभ्यासिकेत जाते. दुपारचं सत्र सुटलं की सात ते साडेदहा पहिल्या मजल्यावरचे दोन वर्ग आम्हाला मिळतात. फी नाही.

वर्ग चौथीचा आहे. फळ्याच्या कोपऱ्यात बाईंनी लिहिलेलं असतं, 'पट ४१, हजर ३६', आणि खाली ठळक अक्षरात 'पुसू नये'. त्या भागाला आम्ही हात लावत नाही. बाकं लहान मुलांची, गुडघे आत जात नाहीत. मी सतरंजीवर बसते आणि बाकाचंच टेबल करते. पंखे चांगले आहेत, उजेड भरपूर. गणपतीचे दिवस सोडले तर शांतता इतकी की माझा चालू घडामोडींचा रोजचा वाटा पहिल्यांदाच रोजच्या रोज संपू लागला.

अडचण आहे ती चावीची. ती एकट्या शिपाईकाकांकडे. त्यांची ड्युटी सहाला संपते, पुढचे तास ते आमच्यासाठी थांबतात. ते गावाला गेले तेव्हा कुलूप उघडायला कुणी नव्हतं आणि आम्ही जिन्यात बसून वाचलं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० म्हणतं की शाळेच्या वेळेबाहेर इमारत समाजाच्या उपयोगी पडावी, 'सामाजिक चेतना केंद्र' व्हावी. अगदी पटतं. पण थांबणाऱ्या माणसाला त्या तासांचा मोबदला कोण देणार, हे ठरल्याशिवाय अशी जागा काकांच्या चांगुलपणावरच चालते, आणि ते त्यांच्यावर अन्यायाचं आहे.

दुसरी गोष्ट मला जास्त लागते. मुलींचं शौचालय सहालाच बंद होतं. विचारलं तर उत्तर मिळालं, "घर जवळच आहे ना तुमचं?" चाळीतलं शौचालयही सामाईकच, मजल्याच्या टोकाला, रात्री जाऊन परत येण्यात अर्धा तास जातो. पावसाळ्यात बरोबरच्या कितीतरी मुली यायच्या बंद झाल्या. जोतीराव-सावित्रीबाईंनी १८५५ साली कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली, ती स्वतःच्या घरात. इथे तर अख्खी इमारत उभी आहे, नळ आहेत, फक्त एक कडी काढायची आहे.

मध्यंतरी सकाळच्या बाईंनी बाकाखाली वडापावचे कागद सापडल्याची तक्रार केली. तेव्हापासून निघताना आम्ही पाळीने झाडतो आणि डबा बाहेर व्हरांड्यातच खातो. त्यानंतर तक्रार आली नाही.

दिवाळीनंतर आम्ही सगळ्यांनी सह्या करून पत्र दिलं. दुसरी चावी मिळाली, ती आता रात्रशाळेच्या सरांकडे असते. शौचालयाचं उत्तर अजून यायचंय. यायचं असेल तर आधार कार्डाची झेरॉक्स आणा, सातच्या आधी या. खिडकीजवळच्या जागा लगेच भरतात.