होरायझन युरोप: प्रत्यक्ष खर्च की एकरकमी अनुदान?

होरायझन युरोप या युरोपीय संघाच्या संशोधन-निधी कार्यक्रमातून, कोळशापासून दूर जाणाऱ्या पट्ट्यांतल्या संक्रमण-धोरणांवर तीन देशांतल्या संस्था मिळून संशोधन करणार असतील, तर अनुदानाची पद्धत कॉलमध्येच, म्हणजे प्रस्ताव मागवणाऱ्या जाहिरातीतच, ठरलेली असते. आराखडा मात्र तिच्याप्रमाणे आखावा लागतो.

प्रत्यक्ष खर्चात कामाच्या दिवसांची दरमहा सहीनिशी नोंद ठेवायची, माणशी वर्षाला कमाल २१५ दिवस. एका संस्थेची मागणी ४,३०,००० युरोंवर गेली की खर्चाबद्दल लेखापरीक्षकाचं प्रमाणपत्र. कटकट खरी, पण मुलाखती लांबल्या तरी झालेला पात्र खर्च मिळतो.

एकरकमीत बिलं दाखवायची नाहीत. वर्क पॅकेज, म्हणजे प्रकल्पातल्या कामाचा एक ठरवलेला भाग, पूर्ण झालं की त्याचे पैसे. गोम इथेच आहे. एका भागीदाराच्या खाणकामगारांशी मुलाखती रखडल्या, की त्या पॅकेजचा सगळ्यांचाच हप्ता अडकतो. म्हणून क्षेत्रकार्य आणि विश्लेषण वेगळं ठेवा, व्यवस्थापनाचं पॅकेज अहवालकाळाप्रमाणे (एका अहवालापासून दुसऱ्यापर्यंतचा काळ) तोडा. भारतीय संस्थांना दोन्हींत बहुधा स्वतःचाच निधी आणावा लागतो.