जळक्या कडांची हँडबिलं

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह पेटलं, तेव्हा मी खासबागेपाशी गर्दीत उभी होते. दुसऱ्या दिवशी केशवरावांची, संगीत नाटकातल्या त्या गायक-नटाची, जयंती. शाहू महाराजांनी बांधलेलं ते पॅलेस थिएटर. वडिलांचं बोट धरून मी पहिलं नाटक तिथंच पाहिलं. त्या रात्रीचं दुःख कुणीतरी माझ्याकडून बावीस हजारांना वसूल केलं, म्हणून हे लिहिते आहे.

तीस वर्षं मी जुन्या नाटकांची हँडबिलं आणि नाटकगृहात विकल्या जाणाऱ्या पदांच्या पुस्तिका जमवते. नाटकापेक्षा त्यातल्या माणसांसाठी जास्त. केशवराव विषमज्वरानं गेले तेव्हा अवघे एकतीस वर्षांचे होते. मास्टर दीनानाथ एकेचाळिसाव्या वर्षी गेले, तेही कंपनी बुडाल्यावर. बालगंधर्वांचे पाय अखेरच्या वर्षांत अधू झाले होते. हँडबिलावर यांची नावं ठसठशीत अक्षरांत असतात. ते कागद हातात घेतले की मला गलबलून येतं. हे माझ्या ओळखीतल्या सगळ्यांना माहीत आहे, आणि मला फसवणाऱ्या त्या माणसालाही ते कुठूनतरी कळलं असणार.

आगीनंतर दीडेक महिन्यानं त्याचा फोन आला. बिंदू चौकात चहाला भेटलो. पोरगा तिशीचा, बोलणं अदबीचं. पहिल्यांदा त्यानं साठच्या दशकातली एक पदांची पुस्तिका शंभर रुपयांत दिली. ती अस्सल होती, आजही माझ्याकडे आहे. दुसऱ्या भेटीत त्यानं गठ्ठा काढला. अठरा हँडबिलं, कडा जळलेल्या, प्रत्येक प्लास्टिकच्या पाकिटात टेपनं बंद.

"काकू, आजोबांची ट्रंक थिएटरात ओळखीच्या माणसाकडं होती. आगीतून एवढंच हाताला लागलं."

आजोबा म्हणे ललितकलादर्शात, केशवरावांच्या नाटक कंपनीत, स्त्रीभूमिका करायचे. मिशा फुटल्या, आवाज गेला, मग दारू, मग कर्ज. म्हातारपणी बायको-मुलांनीही विचारलं नाही. आणि आता त्याची आई दवाखान्यात, म्हणून हे विकायची वेळ आलेली. मी एक पाकीट उघडायला घेतलं, तर तो कळवळून म्हणाला, "काकू, नको, कागद ठिसूळ झालाय, चुरा होईल." मी हात मागं घेतला.

वरच्याच पाकिटात 'संयुक्त मानापमान' होतं, म्हणजे केशवराव आणि बालगंधर्व यांच्या दोन कंपन्यांनी मिळून केलेलं 'मानापमान'. ८ जुलै १९२१, मुंबई, टिळक स्वराज्य फंडासाठीचा प्रयोग. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. या प्रयोगाचा कागद आयुष्यात एकदा पाहायला मिळावा म्हणून मी वर्षानुवर्षं झुरले आहे. त्यानं अठरांचे बावीस हजार सांगितले, मी घासाघीस केली नाही. पाच हजार फोनवरून पाठवले, सतरा रोख दिले. पावती मागायचं सुचलंच नाही. दवाखान्यातल्या बाईच्या मुलाकडं पावती कशी मागायची?

घरी आल्यावर चार दिवस मी ती नुसती कपाटातून काढून बघत होते. पाचव्या दिवशी भिंग घेतलं आणि टेप कापली.

जळालेली कड आधी बघितली. आग कुठंही अक्षराला शिवली नव्हती. अठराही कागदांवर ज्वाळा मजकुराच्या बोटभर अलीकडं येऊन थांबलेली. खरी आग असा हिशेब करत नाही. मग कागद पालथा केला आणि मागून बोट फिरवलं. खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या छपाईत खिळा कागदात रुततो, पाठीमागं बोटाला बारीक उठाव लागतो. माझ्याकडचं १९३० च्या आसपासचं एक हँडबिल शेजारी ठेवून पाहिलं. त्याची पाठ आंधळ्यालाही कळेल अशी. हे अठराही गुळगुळीत. भिंगाखाली अक्षराच्या काठाला रंगीत ठिपके दिसले, म्हणजे आजच्या प्रिंटरची छपाई.

त्यानंतर वाचू लागले, म्हणजे खऱ्या अर्थानं वाचू लागले. 'तिकिटे थिएटरवर मिळतील' असं छापलेलं. त्या काळी 'तिकिटें' छापायचे. हे अनुच्चारित अनुस्वार १९६२ च्या नियमांनंतर गेले. तिकिटाचा दर एक रुपया पन्नास पैसे. दशमान नाणी १९५७ ला आली, त्याआधी दीड रुपया १-८-० असा लिहीत. आणि 'संयुक्त मानापमान'च्या कागदावर वार होता रविवार. ८ जुलै १९२१ ला शुक्रवार होता. हे सगळं मला आधीपासून माहीत होतं. बिंदू चौकात मी अक्षरांवर नजरच ठेवली नव्हती, मी त्या आजोबांकडं बघत बसले होते.

फोन बंद. लाज वाटून मी पंधरा दिवस कुणाला बोलले नाही, आणि ही माझी दुसरी चूक. ऑनलाइन पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइन नंबरवर ताबडतोब कळवावं लागतं; जितका उशीर, तितके ते पैसे पुढच्या खात्यांत सरकतात. माझे सरकले होते. तक्रार केली आहे, पण रोख दिलेल्या सतरा हजारांना तर पुरावाच नाही.

कुणी तुम्हाला पाकिटात बंद केलेला जुना कागद दाखवला, तर पाठ बघितल्याशिवाय पैसे काढू नका. ठिसूळ आहे म्हणाला, तर त्यालाच उघडायला सांगा. कागदाबरोबर एखाद्या नटाची दैना ऐकवायला लागला, तर नटाचं नाव विचारा, कंपनी विचारा, साल विचारा आणि घरी येऊन शोधा. मी त्या आजोबांचं नाव विचारलं होतं. नंतर जुन्या पदांच्या पुस्तिकांतल्या, हँडबिलांवरच्या सगळ्या पात्रयाद्या काढून बसले. कुठंही सापडलं नाही. खोटं ठरलेलं असूनही मी ते दोन रात्री शोधत होते.

ती अठरा पानं मी फाडली नाहीत. प्रत्येकाच्या पाठीवर शाईनं 'बनावट, २०२४' असं लिहून ठेवलं आहे, माझ्यामागं ती कुणाला खरी म्हणून विकली जाऊ नयेत म्हणून.