महिन्याला एकच अ‍ॅप घ्यायचं, तर कुठली सिरीज आधी?

ठाणे-नवी मुंबईतल्या नोकरदार घरात जेवणं उरकल्यावर तासभर मिळाला तरी खूप. त्यामुळे चार-चार अ‍ॅप एकदम घेऊन ठेवण्यात अर्थ नाही. साधा हिशेब करा: सोमवार ते शुक्रवार रोज 1 भाग आणि शनिवार-रविवार 2-2, म्हणजे आठवड्याला 9 आणि चार आठवड्यांत 36. सोनी लिव्हवर ‘स्कॅम 1992’चे 10, ‘रॉकेट बॉइज’च्या दोन सीझनचे 16 आणि ‘मानवत मर्डर्स’चे 8 मिळून 34 होतात. नेटफ्लिक्सवर ‘दिल्ली क्राइम’चा पहिला सीझन 7, ‘ट्रायल बाय फायर’ 7, ‘स्कूप’ 6, ‘कोहरा’चा पहिला सीझन 6 आणि ‘ब्लॅक वॉरंट’ 7, म्हणजे 33. दोन्हीकडे एक महिना पुरतो. प्रश्न इतकाच, की आधी कुठला महिना?

घरात आई-बाबा, सासू-सासरे बरोबर बसणार असतील तर आमचं मत सोनी लिव्हच्या बाजूनं. एकटे किंवा दोघेच, मुलं झोपल्यावर पाहणार असाल तर नेटफ्लिक्स.

‘स्कॅम 1992’ (दिग्दर्शक हन्सल मेहता, 2020) सगळ्यांत आधी पाहावी. प्रतीक गांधीनं रंगवलेला घोटाळेबाज शेअर दलाल हर्षद मेहता बघता बघता आवडायला लागतो आणि तिथेच सिरीज आपल्याला पकडते. मात्र बरेच जण मध्यावर येऊन थांबतात, कारण गोष्ट शेअर बाजारातून सरकारी रोख्यांकडे वळते आणि ‘रेडी फॉरवर्ड’ आणि ‘बीआर’ हे शब्द डोक्यावरून जातात. तेवढं आधी समजून घ्या. एका बँकेला थोड्या दिवसांसाठी पैसे हवे असतात. ती आपले सरकारी रोखे दुसऱ्या बँकेला विकते आणि ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या भावानं परत घेण्याचं कबूल करते. हा झाला रेडी फॉरवर्ड. सौदा दलाल जुळवतो. प्रत्यक्ष रोखे हलवण्याऐवजी बँक एक पावती द्यायची, ती बँक रिसीट म्हणजे बीआर, आणि पैशाचा चेक दलालाच्या खात्यातून फिरायचा. मधल्या दिवसांत तोच पैसा शेअर बाजारात जायचा. बाजार चढता असेपर्यंत जुना सौदा नव्या सौद्याच्या पैशानं मिटवता येतो. पुढे तर मागे रोखेच नसलेल्या बीआर निघाल्या. त्यात बँक ऑफ कराडसारख्या छोट्या बँकेचंही नाव आलं आणि त्या बँकेचा शेवट झाला. एवढं माहीत असलं की पत्रकार सुचेता दलाल यांना, ही भूमिका श्रेया धन्वंतरीनं केली आहे, कागदोपत्री नेमकं काय सापडतं ते कळतं आणि मग रिमोट हातातून सुटतो. नंतर आलेली ‘स्कॅम 2003’ तेलगीच्या बनावट मुद्रांक प्रकरणावर आहे. तीही चांगली, पण पकड त्या तोडीची नाही. ती पुढच्या फेरीला ठेवा.

‘रॉकेट बॉइज’ नववी-दहावीतल्या मुलांसोबत पाहता येते. पहिला सीझन 2022चा, दुसरा 2023चा. जिम सर्भ होमी भाभा, इश्वाक सिंग विक्रम साराभाई. वाशीच्या खाडीपुलावरून ट्रॉम्बेची टेकडी रोज पाहणाऱ्यांना यात आपल्या शेजारचा इतिहास सापडेल: 1956 साली तिथे ‘अप्सरा’ अणुभट्टी कशी सुरू झाली, 1963 साली केरळात थुंब्याहून पहिलं रॉकेट कसं उडालं. दोन गोष्टी लक्षात ठेवा. संवादांत इंग्रजी भरपूर आहे, त्यामुळे आजी-आजोबांना मधूनमधून सांगत बसावं लागतं. आणि रझा मेहदी हे भाभांचे प्रतिस्पर्धी शास्त्रज्ञ काल्पनिक आहेत. मुलांना हे आधीच सांगा, नाहीतर शाळेच्या प्रोजेक्टमध्ये ते नाव जायचं.

‘मानवत मर्डर्स’ (2024) मराठीतच आहे. सत्तरच्या दशकात परभणी जिल्ह्यातल्या मानवतमध्ये बायका-मुलींचे खून झाले आणि मुंबईहून पोलिस अधिकारी रमाकांत कुलकर्णी तपासाला गेले, त्याची ही गोष्ट. कुलकर्णींच्या भूमिकेत आशुतोष गोवारीकर, सोबत सई ताम्हणकर, सोनाली कुलकर्णी आणि मकरंद अनासपुरे. भाषा ओळखीची म्हणून घरातल्या मोठ्यांना ही सगळ्यांत जवळची वाटेल. पण बळी लहान मुलींचेही आहेत, त्यामुळे मुलं जागी असताना लावू नका. तपास हळूहळू उलगडतो. गाव, वाडा आणि माणसांची दबलेली नजर पाहण्यात तुम्हाला रस नसेल तर तीन भागांत कंटाळा येईल.

आता नेटफ्लिक्सचा महिना. ‘दिल्ली क्राइम’ आणि ‘ट्रायल बाय फायर’ या दोन्ही खऱ्या घटनांवरच्या, दोन्ही 7 भागांच्या, दोन्ही मनावर ओझं ठेवणाऱ्या. फरक वेगाचा आहे. ‘दिल्ली क्राइम’चा पहिला सीझन (2019) 2012च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्कारानंतरच्या मोजक्या दिवसांचा तपास आहे. अत्याचार पडद्यावर दाखवलेला नाही. जबाबांतून आणि डॉक्टरांच्या बोलण्यातून तो कळतो, आणि तेच सोसत नाही. शेफाली शाहच्या चेहऱ्यावर झोप नसलेल्या पोलिस अधिकाऱ्याचा थकवा आणि राग एकदम दिसतो. 2020 साली या सीझनला सर्वोत्कृष्ट ड्रामाचा आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कार मिळाला. भारतीय सिरीजला मिळालेला तो पहिलाच. एका शनिवार-रविवारी संपवता येते.

‘ट्रायल बाय फायर’ (2023) तशी पाहू नका. 13 जून 1997 रोजी दिल्लीच्या उपहार सिनेमागृहात आग लागून 59 माणसं गेली. दोन्ही मुलं गमावलेल्या नीलम आणि शेखर कृष्णमूर्ती यांनी पुढे वर्षानुवर्षं कोर्टात लढा दिला. गोष्ट तारखांवर तारखांची आहे, म्हणून रोज 1 भागच बरा. राजश्री देशपांडे आणि अभय देओल यांचं काम इतकं आवरलेलं आहे, की नुसत्या जेवणाच्या टेबलावरच्या शांततेनंही पोटात तुटतं. दोन्हींतली एकच निवडायची तर आम्ही ही निवडू. घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर मात्र सध्या नको.

‘स्कूप’ (2023) तुलनेनं सोपी आणि मुंबईच्या अगदी जवळची: पत्रकाराच्या खुनात अडकवलेली क्राइम रिपोर्टर, भायखळ्याचा तुरुंग, वृत्तपत्रांतली चढाओढ. 6च भाग, सुरुवात इथून केलीत तरी चालेल.

‘पाताल लोक’ प्राइम व्हिडिओवर आणि ‘कोहरा’ नेटफ्लिक्सवर. दोन्हींमागे सुदीप शर्मा आहेत. दोन्हींत थकलेला पोलिसवाला आणि त्याचा तरुण साथीदार असल्यानं एकापाठोपाठ पाहू नका. ‘पाताल लोक’चे दोन सीझन (9 आणि 8 भाग) पसरलेले, हिंसक, शिवराळ, दुसरा सीझन नागालँडमध्ये घडतो. ‘कोहरा’ पंजाबी बोलते, आटोपशीर आहे आणि बापलेकांच्या नात्यावर जास्त रेंगाळते. दोन्हींना सबटायटल वाचावीच लागतात, त्यामुळे भाजी निवडता निवडता पाहायच्या या सिरीज नाहीत. वेळ कमी असेल तर ‘कोहरा’. ‘पाताल लोक’मधला जयदीप अहलावतचा पोलिसवाला हाथीराम मात्र कधीतरी पाहायलाच हवा.

लोकलमध्ये पाहायचं असेल तर यातलं काहीच नको. अंधारातली दृश्यं उन्हाच्या डब्यात मोबाइलवर काळीठिक्कर दिसतात. तिथे ‘समांतर’ बरी: मराठी, एमएक्स प्लेयरवर (आता अ‍ॅमेझॉन एमएक्स प्लेयर) जाहिरातींसह फुकट, भाग लहान. ठाणे-वाशी ट्रान्स-हार्बरचा प्रवास साधारण अर्ध्या तासाचा, त्यात एक भाग बसतो. स्वप्नील जोशीच्या कुमार महाजनला आपलंच आयुष्य आधी जगलेला माणूस शोधायचा आहे. पहिला सीझन अर्ध्यावर सोडतो, दुसरा धरूनच चला.

घरच्या टीव्हीवर हमखास बिघडतं ते असं. चेहरे गुळगुळीत आणि हालचाल सासू-सुनेच्या मालिकेसारखी दिसत असेल, तर सेटिंगमध्ये मोशन स्मूदिंग बंद करा आणि पिक्चर मोड ‘व्हिविड’वरून ‘सिनेमा’वर आणा. संवाद पुटपुटल्यासारखे आणि संगीत कानठळ्या बसवणारं असेल, तर ऑडिओच्या पर्यायात 5.1 (सहा स्पीकरसाठीचा आवाज) ऐवजी स्टीरिओ (दोन स्पीकरसाठीचा) असेल तर तो निवडा. टीव्हीच्या दोन स्पीकरना 5.1 झेपत नाही. नेटफ्लिक्सचा सर्वांत स्वस्त मोबाइल प्लॅन टीव्हीवर चालत नाही. मोबाइल डेटावर एचडीत तासाला 3 जीबीपर्यंत जातात, म्हणजे रोजचा 2 जीबीचा पॅक एका भागातच संपू शकतो. रात्री वायफायवर डाउनलोड करून ठेवा. डाउनलोडला मुदत असते आणि काही भाग एकदा सुरू केले की 48 तासांत संपवावे लागतात, म्हणून आठवडाभराचं एकदम न उतरवता दोन-दोन भाग घ्या.