1050 टीआय म्हणून घेतलो आणि निघालं 2010 चं कार्ड

खानापूरला माझा छोटा फोटो-व्हिडिओचा धंदा आहे, लग्नं, बारसं, गावची यात्रा असली कामं. पीसी जुनाच, तिसऱ्या पिढीचा आय-5, मॉनिटर तर त्याहून जुना, मागं फक्त व्हीजीएचं निळं भोक. तुळशीचं लग्न झालं की सीझन चालू होतोय आणि आता लोकांना लग्न लाईव्ह पण पाहिजे, मुंबई-पुण्याचे पाहुणे घरात बसून अक्षता टाकतात. म्हणून ठरवलो की एक जुनं का असेना पण बरं ग्राफिक कार्ड घ्यायचं.

डोक्यात एकच नाव, एनव्हिडिया कंपनीचं जीटीएक्स 1050 टीआय. कारण साधं, 75 वॅटचं कार्ड, मदरबोर्डच्या स्लॉटमधनंच करंट घेतं, वेगळी वायर लागत नाही, माझा एसएमपीएस (पॉवर सप्लायचा डबा) तसलाच कसातरी आहे. चार जीबी मेमरी, शिवाय व्हिडिओ एन्कोड करायला एनव्हेंक आहे, म्हणजे त्याच कामाचा चिपमधला वेगळा भाग. (बरेच जण त्याच कंपनीचं 1030 घे म्हणतात, स्वस्त पडतं, पण त्यात एनव्हेंकच नाही, आणि डीडीआर-4 वालं 1030 तर घेऊच नका, नाव तेच पण मेमरीचा वेग जीडीडीआर-5 वाल्याच्या निम्मा पण नाही.)

सेकंडहँडच्या एका ग्रुपवर मिळालं. 4,800 रुपये. आता विचार केला तर हसू येतंय, कारण त्या कार्डातलं जे जे बघून मी खूश झालो ते सगळं फसवणुकीचंच लक्षण होतं.

फोटोत कार्डाला व्हीजीए पोर्ट दिसला. मला वाटलं चला बरं झालं, मॉनिटर बदलायला नको. आता कळलं की 1050 टीआयची चिप पास्कल पिढीची, त्या चिपमधनं ॲनालॉग सिग्नल निघतच नाही, डीव्हीआय पण नुसता डिजिटल. मग व्हीजीए कुठनं आला हे मला तेव्हा सुचायला पाहिजे होतं, नाही सुचलं.

दुसरं, कार्डाला सहा पिनचं सॉकेट होतं. हे मात्र मी विचारलो, भावा याला तर पॉवर लागत नाही ना? तो म्हणाला दादा हे ओसी मॉडेल आहे की, जास्त ताकदीचं. आणि हे खोटं पण नाही, काही कंपन्यांच्या खऱ्या 1050 टीआयला सहा पिन असतेच, म्हणून तर मी गप बसलो. वरनं त्यानं मोलेक्सचा कन्व्हर्टर फुकट दिला. कन्व्हर्टर फुकट मिळाला म्हणून मी घरी येऊन बायकोला सांगितलो पण.

तिसरं, जीपीयू-झेडचा, म्हणजे कार्डाची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, स्क्रीनशॉट पाठवला. वर नाव 1050 टीआय, मेमरी 4096 एमबी. स्क्रीनशॉट अर्ध्यातनं कापलेला आणि शेडरचा, म्हणजे चिपमधल्या कोरचा, आकडा नेमका खालच्या अर्ध्यात. मी नाव वाचलो, मेमरी वाचलो, यूपीआय केलो.

बेळगावात सेंट्रल बसस्टँडच्या बाहेर भेट झाली, पाच मिनिटात काम. जाताना एक पेन ड्राईव्ह दिला आणि म्हणाला ड्रायव्हर ह्यातलाच टाका, नेटवरचा नवीन टाकू नका, सेट होत नाही. माणूस किती काळजीवाहू बघा.

घरी लावलो, चाललं. विंडोजमध्ये नाव पण बरोबर आलं. दोन दिवस भारी वाटलं. मग लाईव्ह करायचं सॉफ्टवेअर ओबीएस उघडलो तर एन्कोडरच्या यादीत एनव्हिडियाचा पर्यायच नाही, माझ्या आय-5 मधल्या ऑनबोर्ड ग्राफिकचं क्विक सिंक तेवढं दिसतंय, म्हणजे जे फुकटात होतं तेच. टाइमलाईनवर दोन-तीन क्लिप एकावर एक टाकलो की स्क्रीनवर रंगीत चौकटी आणि पीसी हँग. वाटलं ड्रायव्हरचा घोळ असणार, म्हणून कंपनीच्या साईटवरनं 1050 टीआयचा नवीन ड्रायव्हर उतरवलो, तर तो म्हणतोय असलं हार्डवेअर तुमच्याकडे नाहीच.

शेवटी शहापूरचा एक मित्र आहे, रिपेअरीचं काम करतो, त्याच्याकडे घेऊन गेलो. त्यानं आधी नवीन जीपीयू-झेड टाकला. 2018 नंतरच्या व्हर्जनमध्ये असली कार्डं ओळखायची सोय आहे, नावाच्या आधी चौकटी कंसात सरळ फेक म्हणून आलं. मला तरी पटेना. मग त्यानं पंख्याचे चार स्क्रू काढले, वाळून खडखडीत झालेली पेस्ट कापसानं पुसली आणि टॉर्च तिरका धरला. चिपवर बारीक अक्षरं, जीएफ106, पुढं 250. मित्र म्हणाला, हे जीटीएस 450 आहे बे. 1050 टीआयवर जीपी107 पाहिजे.

जीटीएस 450 म्हणजे सप्टेंबर 2010 चं कार्ड, 1050 टीआय आलं ऑक्टोबर 2016 ला. 192 कोर विरुद्ध 768. आता नुसते कोर मोजून दोन पिढ्या तोलता येत नाहीत, 450 फर्मी पिढीचं, त्या पिढीचे शेडर दुप्पट क्लॉकवर चालायचे. पण इथं क्लॉक सगळा धरून पण हिशोब केला तर 450 चा 0.6 टेराफ्लॉप आणि 1050 टीआयचा 2.1. मेमरीची बस दोघांची 128 बिटचीच, पण बँडविड्थ सेकंदाला 57.7 जीबी विरुद्ध 112. आणि करंट खातंय कोण जास्त? जुनंच, 106 वॅट, म्हणून ती सहा पिन.

मेमरी खरी एकच जीबी. कार्डाचं बायोस, म्हणजे त्याची ओळख सांगणारं आतलं सॉफ्टवेअर, बदलून नाव आणि चार जीबीचा आकडा नुसता लिहिलेला, विंडोज बिचारं ते खरं धरून एक जीबीच्या पुढं भरायला जातंय आणि तिथं काही नाहीच, म्हणून त्या रंगीत चौकटी. एनव्हेंक फर्मीत नव्हतंच, ते पुढच्या केप्लर पिढीपासनं आलं. ड्रायव्हर पण फर्मीसाठी 391 च्या सिरीजवर थांबले, 2018 ला. पेन ड्राईव्ह कशाला दिला होता ते तेव्हा डोक्यात शिरलं.

त्याला फोन लावलो, नंबर बंद. 1930 वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, फोन करून तक्रार नोंदवलो, चॅट आणि यूपीआयचा स्क्रीनशॉट जपून ठेवलो होतो तेवढं बरं. स्टेशनला द्यायचा अर्ज कन्नडमध्ये लिहून घ्यायला शेजारच्या मास्तरांकडे गेलो तर ते अर्धा तास पेन धरून बसले, बायोस बदललंय हे कसं लिहू रे, मशीनची जन्मतारीख बदलली असं लिहू का? मी म्हटलो सर तसंच लिहा, बरोबर आहे.

तुम्ही घेणार असाल तर समोर पीसीला लावूनच बघा, तुमच्या स्वतःच्या पेन ड्राईव्हमधला नवीन जीपीयू-झेड उघडा आणि शेडर 768 आहेत का ते आधी वाचा, नाव सगळ्यात शेवटी. ड्रायव्हर साईटवरचाच टाका, तो बसला नाही तर पैसे खिशातनं काढूच नका. त्यानं दिलेला ड्रायव्हर, त्यानं दाखवलेला स्क्रीनशॉट, हे काही कामाचं नाही.

परवा दुसऱ्या एका ग्रुपवर 1050 टीआयचा फोटो आला, तीच हिरवी ठिपक्यांची फरशी, तसलंच कार्ड, 4,500. मी भावाच्या फोनवरनं मेसेज केलो, दादा व्हीजीए आहे का, माझा मॉनिटर जुना आहे. एका मिनिटात उत्तर आलं, आहे की, म्हणून तर लोक घेतात. त्याखाली मी जीएफ106 एवढंच लिहिलो. ब्लॉक केलंय.