पंचवटीतला बेघर निवारा: खाट चांगली, मॅडम त्याहून चांगल्या, गेट मात्र दहाला बंद

पाचपैकी साडेतीन स्टार. तुम्ही लोक लॉजचे रिव्ह्यू लिहिता, हा आमच्या लॉजचा.

मी केटरिंगवर वाढपी आहे. लग्नसराईत मंगल कार्यालयातच झोपायचं. सीझन संपला की प्रश्न पडतो. खोलीला डिपॉझिट मागतात, आणि एकटा बाप्या म्हटलं की घरमालक दारातूनच वाटेला लावतो. म्हणून बरीच वर्षं गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर काढली. पावसाळ्यात पाणी चढलं की गाठोडं उचलून पुलाकडे, आणि थंडीत नाशिकची थंडी काय असते ते घाटाच्या फरशीला पाठ लावल्याशिवाय कळत नाही.

इथे घेताना आधार मागून अडवलं नाही. वहीत नाव, गाव, सही, एक फोटो, झालं. पैसे नाहीत. खाट लोखंडी, गादी पातळ पण ढेकूण नाहीत, ब्लँकेट धुतलेलं. संडास दिवसातून दोनदा धुतात. सोलरचं गरम पाणी आहे, पण पहाटे उठून नाक्यावर जाणाऱ्याच्या वाट्याला रात्रीचं गारच येतं. जेवणाचं मनावर घेऊ नका. कुणी वाढदिवसाची खिचडी आणली तर आणली, नाहीतर दुपारी दहा रुपयांची शिवभोजन थाळी गाठायची.

खरी सोय खाटेखालच्या पत्र्याच्या पेटीची. घाटावर चप्पल उशाला आणि पिशवीचा बंद पायाला गुंडाळून झोपावं लागतं, तरी मोबाईल जातोच. इथे पहिल्या रात्रीही मी बंद पायाला गुंडाळूनच आडवा झालो. रात्रपाळीच्या मामांनी पाहिलं, बोलले काही नाहीत. सकाळी कुलूप आणून हातात दिलं, "किल्ली करदोऱ्याला बांध."

साडेतीन स्टारमधले दोन स्टार मात्र कागदपत्रं बघणाऱ्या मॅडमचे. निवाऱ्याच्या प्रमुखाने ठरलेल्या नमुन्यात, फोटो लावून दाखला दिला की तो आधारला चालतो, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. माझं आधार तसंच निघालं, त्यावर बँकेत खातं. आता ठेकेदार मजुरी खात्यावर टाकतो, "उद्या देतो" बंद. शेजारच्या खाटेवरच्या बाबांचं नाव त्यांनी श्रावणबाळ योजनेला, म्हणजे म्हाताऱ्यांच्या सरकारी पेन्शनला घातलं. तिथे महाराष्ट्रात १५ वर्षं राहिल्याचा पुरावा लागतो. जो माणूस १५ वर्षं फुटपाथवर राहिला त्याने तो आणायचा कुठून? मॅडमनी बाबांचं जुनं मतदान कार्ड, गावच्या शाळेचा दाखला असं एकेक गोळा केलं, तलाठ्याकडे उत्पन्नाच्या दाखल्यासाठी स्वतः बरोबर गेल्या. महिन्याचे १,५०० सुरू झाले तेव्हा बाबांनी सगळ्यांना चहा पाजला आणि वर बिस्किटाचा पुडा फोडला. (बाबा एरवी काडीपेटीची काडीसुद्धा मोजून देतात.)

आता दीड स्टार कुठे गेला ते. गेट रात्री दहाला बंद. रिसेप्शन संपून भांडी टेम्पोत चढेपर्यंत एक वाजतो. मग मी पायरीवर, आणि माझी खाट आत रिकामी! सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच सांगितलंय की निवारे चोवीस तास आणि बारा महिने उघडे हवेत. केंद्राच्या शहरी बेघर निवारा योजनेत एक मॅनेजर आणि आठ-आठ तासांचे तीन काळजीवाहक धरले होते. इथे मामा सोडून गेले, त्यांची जागा भरलीच नाही, मग गेटवर बसणार कोण? सकाळीही नऊला झाडलोटीसाठी बाहेर काढतात. रात्री वॉचमनकी करणाऱ्याने झोपायचं कधी?

दुसरं, नवरा-बायकोला एकत्र जागा नाही. घाटावर द्रोणात फुलं-दिवे विकणारं एक जोडपं आलं होतं. ताईला दुसरीकडे पाठवतो म्हटल्यावर दोघं उठून परत गेली, आणि मला ते पटलं. नियमात कुटुंबांसाठी, बायकांसाठी, आजारातून उठलेल्यांसाठी वेगळे निवारे सांगितलेत. लाख वस्तीमागे शंभर जणांची सोय हाही नियमच. २०११ च्या जनगणनेत नाशिक पंधरा लाखांच्या घरात होतं, म्हणजे दीड हजार खाटा होतात. हॉलमध्ये गाडगेबाबांचा फोटो आहे, खाली त्यांची दशसूत्री, त्यात 'बेघरांना आसरा'. त्यांनी लोकांकडून पैसा उभा करून याच नाशकात धर्मशाळा बांधली. फोटोला हार रोज ताजा असतो, गेटच्या माणसाची जागा भरायला मात्र मुहूर्त मिळत नाही.

आणि हो, इथे कायमचं राहायचं नसतं. गेल्या उन्हाळ्यात आमच्यातल्या चौघांनी वर्गणी काढून फुलेनगरकडे एक खोली घेतली. डिपॉझिट त्यांचं, पण घरमालकाशी बोलायला निवारा चालवणाऱ्या संस्थेचा माणूस गेला, "भाडं थकलं तर मला फोन करा" म्हणाला, तेव्हा कुठे किल्ली मिळाली. केंद्राने २०२० मध्ये स्थलांतरित कामगारांसाठी परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना काढली ती ऐकून आहे. आम्हाला उपयोग झाला तो या फोनवाल्या माणसाचा. असे दोन माणसं ठेवले तर निम्म्या खाटा मोकळ्या होतील.

कुणाला पाठवायचं असेल तर संध्याकाळी सातच्या आत पाठवा, मॅडम तोवर असतात. असेल तो कागद, फाटका असला तरी, बरोबर द्या. दारू पिऊन आलेल्याला घेत नाहीत, विडी गेटबाहेर.