नगरप्रशासन आणि कामगार संघटना: पाच दिवसांच्या वाटाघाटी प्रशिक्षणवर्गाचे परीक्षण

नगरसंस्थेच्या वतीने कामगार संघटनांशी बोलणी करण्याची जबाबदारी ज्याच्यावर येते, त्याला त्या कामाचे रीतसर शिक्षण बहुधा मिळालेले नसते. आस्थापना विभागात काही वर्षे काढलेला, फायली नीट सांभाळणारा आणि सहसा न चिडणारा अधिकारी एके दिवशी चर्चेच्या प्रमुखपदी बसवला जातो आणि त्याचा पहिला करार हाच त्याचा अभ्यासक्रम ठरतो. माझेही असेच झाले. चार करारांच्या चर्चेला बसून झाल्यावर, म्हणजे चुका करण्याचे बहुतेक प्रकार संपल्यावर, मी अशा अधिकाऱ्यांसाठी चालणाऱ्या पाच दिवसांच्या निवासी वर्गाला गेलो. वर्गात आम्ही चौदा जण होतो. शिकवणाऱ्या दोघांपैकी एकाने अनेक वर्षे प्रशासनाच्या बाजूने वाटाघाटी केल्या होत्या, तर दुसऱ्याचे आयुष्य नगर कर्मचाऱ्यांच्या संघटनेत गेले होते. वर्ग चालवणाऱ्या संस्थेचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही उणिवा सांगायच्या आहेत आणि त्या एका तुकडीच्या अनुभवावर आधारलेल्या आहेत.

माझे मत आधीच सांगतो. मागणीची किंमत काढणे आणि प्रत्यक्ष चर्चेचा सराव हे दोन भाग इतके चांगले होते की केवळ त्यांच्यासाठी या वर्गाला जावे. मात्र नगरसंस्थेतील वाटाघाटी खासगी कारखान्यातील वाटाघाटींपेक्षा ज्या एका गोष्टीमुळे निराळ्या ठरतात, त्या गोष्टीला पाच दिवसांत मिळून वीस मिनिटे दिली गेली.

किंमत काढण्याचा भाग दुसऱ्या दिवशी होता आणि तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालला. मागणीपत्रात 'चार टक्के वाढ' असे लिहिलेले असते, पण ती वाढ कोणत्या तारखेपासून, कशावर आणि किती हप्त्यांत, यावर तिची खरी किंमत ठरते. शिक्षकांनी एकूण वेतनखर्च १०० धरून फळ्यावर दोन पर्याय मांडले. वर्षाच्या पहिल्या दिवसापासून ४ टक्के दिले तर त्या वर्षीचा जादा खर्च ४ होतो. पहिल्या दिवशी २ टक्के आणि सहा महिन्यांनी आणखी २ टक्के दिले, तर जादा खर्च ३.०२ होतो, परंतु वर्षअखेरीस वेतनाची पातळी १०४.०४ वर पोचलेली असते. संघटनेला सभासदांपुढे चारपेक्षा किंचित मोठा आकडा नेता येतो, लेखा विभागाला चालू वर्षी जवळजवळ एक टक्का वाचल्याचे समाधान मिळते आणि तो वाचलेला टक्का पुढच्या अंदाजपत्रकात मुकाट्याने येऊन बसतो. हे गणित शाळकरी आहे, हे मान्य. तरीही आमच्यापैकी निम्म्याहून अधिक जणांनी पहिल्या प्रयत्नात पुढच्या वर्षीचा भार मोजलाच नव्हता, आणि त्यात मीही होतो.

त्यानंतर मूळ वेतनाला जोडलेल्या इतर खर्चांची पाळी आली. मूळ वेतन वाढले की ओव्हरटाइमचा दर, रात्रपाळीचा भत्ता, निवृत्तिवेतनाचे अंशदान आणि रजेच्या रोखीकरणाची रक्कम या साऱ्यांत आपोआप वाढ होते. दरवर्षीची ठरलेली वेतनवाढ ही काहीही कबूल न करता होणारी वाढ असल्यामुळे तीही त्याच हिशेबात धरावी लागते. तीन वर्षे दरवर्षी ३ टक्के म्हणजे ९ टक्के नव्हेत, तर ९.२७ टक्के होतात, हे सर्वांना ठाऊक असते. पण करारावर सही होण्याच्या आदल्या रात्री ते कोणाच्याही लक्षात राहत नाही.

या दिवसासोबत मिळणारी संगणकीय हिशेबवही हे वर्गाचे खरे उत्पादन म्हणता येईल. परत आल्यावर मी ती आमच्या आकड्यांवर चालवून पाहिली. टक्केवारी, तारीख आणि श्रेणी बदलताच तिन्ही वर्षांचा भार समोर येतो, त्यामुळे चर्चेच्या मधल्या सुटीतही प्रतिप्रस्तावाची किंमत काढता येते. तिच्यात एक मोठी खोट आहे. ती फक्त भरलेल्या पदांचा हिशेब करते, तर अंदाजपत्रकात मंजूर पदांचा पैसा धरलेला असतो. नगरसंस्थांमध्ये रिक्त पदे आणि ओव्हरटाइम हे एकाच नाण्याचे दोन भाग असतात: माणसे कमी म्हणून जादा तास, आणि जादा तासांचा खर्च वाढला म्हणून भरती स्थगित. अग्निशमन किंवा पाणीपुरवठा यांसारख्या विभागात हा संबंध हिशेबाबाहेर ठेवला तर येणारा आकडा दिसायला नीटनेटका, पण चुकीचा असतो. मी रिक्त पदांसाठी वेगळा स्तंभ जोडून घेतला. इतरांनाही तसे करावे लागेल.

त्याच संध्याकाळी 'पैसे नाहीत' या वाक्यावर चर्चा झाली. असमर्थता आणि अनिच्छा या दोन वेगळ्या भूमिका आहेत, आणि पहिली घेतली की समोरचा पक्ष हिशेबाच्या वह्या मागू शकतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५६ मध्ये एका खासगी कंपनीच्या प्रकरणात हेच तत्त्व मान्य केले होते. मी माझ्या पहिल्या करारात हे वाक्य अगदी सहज बोलून गेलो होतो आणि पुढचे सहा आठवडे संघटनेने मागितलेले तक्ते पुरवण्यात गेले. शिक्षकांचे म्हणणे असे की वह्या उघडण्याची भीती बाळगण्याचे कारण नसते, फक्त त्या आधी आपण वाचलेल्या असाव्यात. त्यांनी न्यूयॉर्कचा दाखला दिला: १९७५ च्या आर्थिक संकटात ते शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर असताना ऑक्टोबर महिन्यात तेथील शालेय शिक्षकांच्या निवृत्तिवेतन निधीने १५ कोटी डॉलरचे रोखे घेतले आणि शहर तगले. शहर बुडाले तर आपले निवृत्तिवेतनही बुडेल, हे संघटनांना आकड्यांसह दिसत होते.

तिसऱ्या दिवसाच्या सरावात बाजू बदलून दिल्या गेल्या. प्रशासनाकडून आलेल्या आम्हा बहुतेकांना संघटनेचे पदाधिकारी करण्यात आले आणि माझ्याकडे सरचिटणीसपद आले. दुपारपर्यंत आम्ही घासाघीस करून बरा आकडा मिळवला आणि मी खुशीत तो 'सभासदांपुढे' मांडला. सभासदांच्या भूमिकेतील चौघांनी तो मतदानात फेटाळला, कारण त्यात पाळ्यांच्या बदलीबद्दल एक शब्दही नव्हता. नेत्याला केवळ आकडा नेऊन चालत नाही, त्या आकड्यामागचे काय दिले नि काय मिळाले ते सभेत उभे राहून सांगता यावे लागते, हे मी वाचून जाणत होतो. पराभूत ठरावाचा कागद हातात घेऊन बसल्यावर ते वेगळे समजते.

या सरावाला जोडून अमेरिकेतील मेम्फिस शहरातल्या संपाचा अभ्यास होता आणि तो सर्वांत प्रभावी ठरला. १ फेब्रुवारी १९६८ रोजी त्या शहरातील दोन सफाई कामगार कचरागाडीच्या दाबयंत्रात सापडून मरण पावले. १२ फेब्रुवारीला सुमारे १,३०० कामगारांनी काम थांबवले. वेतनाचा प्रश्न होताच, पण महापौर हटून बसले ते संघटनेला मान्यता देणे आणि वर्गणी पगारातून कापून घेणे या दोन मुद्द्यांवर. ४ एप्रिलला, संपाला पाठिंबा देण्यासाठी आलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांची त्याच शहरात हत्या झाली आणि १६ एप्रिलला तडजोड झाली. वर्गणीची गाठ कशी सुटली, हे आमच्या व्यवसायातील माणसाने लक्षात ठेवण्याजोगे आहे: ती शहराने थेट संघटनेला न देता कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थेमार्फत वळती करण्याची वाट काढली गेली. दोन्ही बाजूंना आपला शब्द राखता आला. इतकी साधी वाट निघण्यापूर्वी दोन महिने गेले आणि काय काय घडले, यावर वर्गात बराच वेळ कोणी बोलले नाही.

आता माझी मुख्य तक्रार. तिसऱ्या दिवशी दुपारी शिक्षकांनी प्रशासनाच्या गटाला एक बंद पाकीट दिले. आत चिठ्ठी होती की सभागृहातील एका ज्येष्ठ सदस्याने संघटनेच्या अध्यक्षांना परस्पर भेटून पाच टक्क्यांचे आश्वासन दिले आहे. गट गोंधळला, वीस मिनिटे कुजबुज झाली आणि चहाची वेळ झाल्यावर सराव तेथेच थांबवण्यात आला. त्यानंतर त्या पाकिटाचा विषय पुन्हा निघाला नाही. वास्तविक नगरसंस्थेतील वाटाघाटींचा अर्धा भाग त्या पाकिटात असतो. कारखान्यातील कामगार मालक निवडत नाही. शहराचा कर्मचारी मात्र मतदारही असतो आणि ज्यांच्या मंजुरीने करार व्हायचा आहे त्यांना निवडून देण्यात किंवा पाडण्यात त्याचा हात असतो. अधिकारी ज्या मर्यादेत बोलतो ती सभागृहाने दिलेली असते आणि ती मर्यादा गुप्त राहिली नाही तर त्याच्यासमोरच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला त्याच्याशी बोलण्याचे काही कारण उरत नाही. मर्यादा लेखी कशी घ्यावी, ती कितीजणांना ठाऊक असावी, सदस्यांना चर्चेची माहिती कोणत्या टप्प्यावर द्यावी, लेखा विभागाचा माणूस चर्चेच्या खोलीत बसवावा की बाहेर, परस्पर आश्वासन बाहेर आल्यावर सदस्याला उघडे न पाडता ते मागे कसे घ्यावे, यांपैकी एकाही प्रश्नाला हात लावला गेला नाही. मी अभिप्रायपत्रात हे लिहिले आणि संयोजकांनी नोंद घेतल्याचे सौजन्याने कळवले.

चौथा दिवस संप आणि लवाद यांचा होता आणि तो व्याख्यानांत गेला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे १९७८ चे १५१ क्रमांकाचे आणि १९८१ चे १५४ क्रमांकाचे संकेत, म्हणजे आंतरराष्ट्रीय करार, वाचून दाखवले गेले. ते आधी घरी पाठवता आले असते. लवादावरची मांडणी थोडी बरी होती, विशेषतः लवादाला दोन्ही बाजूंच्या अंतिम प्रस्तावांपैकी एकच जसाच्या तसा निवडावा लागतो त्या पद्धतीवरची. सरसकट मधला आकडा मिळणार असेल तर दोघेही टोकाला जाऊन बसतात, आणि एकच निवडला जाणार असेल तर दोघेही समंजस होत येतात, हा तर्क उदाहरणांसह आला. न्यूयॉर्क राज्याच्या कायद्यांची तुलनाही उपयुक्त होती. तेथील १९४७ च्या कायद्यात संप करणाऱ्या सार्वजनिक कर्मचाऱ्याला थेट नोकरी गमावण्याची शिक्षा होती. १९६६ च्या जानेवारीत शहराची भुयारी रेल्वे आणि बस १२ दिवस बंद राहिली तेव्हा हजारो कर्मचाऱ्यांना काढून टाकून शहर चालवणे शक्य नव्हते आणि ती शिक्षा अमलात आली नाही. १९६७ च्या नव्या कायद्याने संपावरची बंदी कायम ठेवली आणि शिवाय तंटा सोडवण्याची यंत्रणा दिली; संपाच्या प्रत्येक दिवसामागे दोन दिवसांचे वेतन कापण्याचा दंड १९६९ च्या दुरुस्तीने आला.

पाचव्या दिवशी करार झाल्यानंतरच्या कामाला, म्हणजे तक्रार निवारण आणि कलमांच्या अर्थाला, दीड तास मिळाला. हे फारच कमी आहे. करार तीन वर्षे चालतो आणि ती तीन वर्षे मुकादम, उपअभियंता आणि केंद्रप्रमुख तो राबवत असतात. त्यांना नवे कलम कोणी समजावून सांगितले नसेल तर पहिल्या महिन्यातच तक्रारींचा ढीग लागतो. जुन्या सवयींना हात लावायचा नाही म्हणून त्या करारात तशाच राहू देणे किती महाग पडते, यासाठी दिलेले इंग्लंडमधील बर्मिंगहॅमचे उदाहरण मात्र नेमके होते. तेथे कचरा उचलण्यासारख्या पुरुषप्रधान कामांना मिळणारे बोनस समान मूल्याचे काम करणाऱ्या स्त्रियांना मिळत नव्हते. त्यातून समान वेतनाचे दावे साचत गेले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये तेथील नगरपरिषदेने आर्थिक संकटाची अधिकृत नोटीस काढली, तेव्हा त्या दाव्यांची देणी हे एक प्रमुख कारण होते. पुढे कचरागाडीवरील एक विशिष्ट पद रद्द करण्याच्या वादात ११ मार्च २०२५ पासून तेथील कामगार बेमुदत संपावर गेले. हे प्रकरण दिवसाच्या शेवटी न ठेवता पहिल्याच सकाळी ठेवायला हवे होते.

चर्चेला पहिल्यांदाच बसणाऱ्यांनी या वर्गाला अवश्य जावे. चार-सहा करार केलेल्यांनी केवळ दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवसासाठी प्रवेश मिळतो का, हे विचारून पाहावे. जाताना आपला चालू करारनामा सोबत न्यावा, कारण शेवटच्या तासाला प्रत्येकाला स्वतःच्या करारातील एक कलम वाचून त्यातील 'करील' (बंधनकारक) आणि 'करू शकेल' (ऐच्छिक) यांखाली रेघा मारायला सांगतात. मी आमच्या रजेच्या कलमाखाली रेघा मारल्या. 'करील' एकदाच होते, आणि तेही अर्ज करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या बाबतीत. परतल्यावर संघटनेच्या सरचिटणीसांना मी ते दाखवले, तेव्हा ते म्हणाले, "साहेब, आम्ही ते गेल्या खेपेलाच मोजलं होतं."