ऑटोमॅटिक पिकअपचा आवाज: तेलपंप की टॉर्क कन्व्हर्टर?

सोलापूरहून तुळजापूर रस्त्याने माल नेणाऱ्या ऑटोमॅटिक पिकअपच्या गिअरबॉक्समधून विचित्र आवाज येऊ लागला, तर संशय बहुधा गिअरबॉक्समध्ये तेल दाबाने खेळवणारा तेलपंप आणि इंजिनाची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा टॉर्क कन्व्हर्टर या दोघांवर जातो.

तेलपंप कन्व्हर्टरमार्फत इंजिनाबरोबरच फिरतो. त्यामुळे त्याची बारीक शिट्टी पार्क, न्यूट्रल आणि ड्राइव्ह या सर्व स्थितींत ऐकू येते व इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चढत जाते. येथे पंपच झिजला असे लगेच मानू नये, कारण तेल कमी असले किंवा फिल्टर तुंबला असला तरी पंप हवा ओढून असाच कण्हतो. अनेक नव्या गाड्यांना तेल मोजण्याची पट्टी नसते. गाडी समतल उचलून, कंपनीने सांगितलेल्या तापमानाला पातळी पाहावी लागते, आणि सोलापूरच्या चाळीस अंशांच्या उन्हात या तापमानाकडे दुर्लक्ष केल्यास मोजमाप हमखास चुकते.

कन्व्हर्टरचे तसे नाही. ब्रेक दाबून ड्राइव्हमध्ये उभे असताना त्याचा बाहेरचा भाग फिरतो, गिअरबॉक्सला जोडलेले आतले चक्र, म्हणजे टर्बाइन, मात्र थांबलेले असते, म्हणून आतले बेअरिंग खराब असल्यास घरघर तेव्हा होते आणि न्यूट्रल करताच बहुधा मावळते.

दोन्ही दुरुस्त्यांसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागत असल्याने, माझ्या मते, पहिला खर्च तेल-फिल्टरच्या तपासणीवरच करावा. गिअरबॉक्सखालच्या तेलाच्या चेंबरमध्ये चकाकणारे धातूचे कण सापडले, तर मात्र गाडी पुढे चालवू नये.